म्हशीची पाठ आणि पाखराची चोच



श्रीज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ मध्ये नेवासे क्षेत्री ग्रंथ पुरा केला आणि शेवटी विश्वात्मक देवाजवळ प्रसाद मागितला. त्या मागण्यात स्वतःसाठी काही नाही. दुष्टांचा दुष्टपणा जावा, सत्कर्माची आवड वाढावी, आणि लागलीच पुढचे मागणे असे की भूतमात्रांत एकमेकांविषयी जिवाचे सख्य जडावे. येथे माउलींनी 'मनुष्य' हा शब्द घातला नाही, 'भूत' हा शब्द घातला. भूत म्हणजे जे जे झाले, जन्मास आले, ते. त्यात तुम्ही-आम्ही आलो, तशी गोठ्यातली म्हैस आली, बांधावरचा बगळा आला, रानातला गवाही आला.

आता शंका अशी निघते की, हे सख्य केवळ मागण्यातच आहे की सृष्टीत कोठे दिसतेही? मोठा मासा लहान माशाला गिळतो, वाघ हरणाला मारतो, बहिरी ससाणा पारव्यावर झडप घालतो. हे तर रोज दिसते. मग सख्य कोठे? या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आमच्या तुमसर तालुक्यात आषाढ-श्रावणात कोणत्याही बांधीच्या कडेला उभे राहावे म्हणजे झाले.

तुमसर हे धानाचे गाव. पूर्वेला वैनगंगा, उत्तरेला बावनथडी, पलीकडे आंबागड-गायमुखचे डोंगर, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी, चांदपूरचा तलाव, आणि मध्ये जिकडे पाहावे तिकडे पाण्याने भरलेल्या बांध्या. रोवणीचे दिवस असतात. चिखलणी चाललेली असते. बाया ओणव्या होऊन पऱ्हे लावीत असतात. आणि बांधावर चरणाऱ्या म्हशीच्या पायाशी चार-सहा पांढरी पाखरे तिच्या पावलासरशी पाऊल टाकीत चालतात. हाच गायबगळा. एरवी तो शुभ्र असतो. पावसाळ्यात विणीचे दिवस आले की त्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर नारिंगी-पिवळी झाक चढते, जणू कोणी बुक्क्याऐवजी केशर लावले आहे. म्हशीच्या पाठीवर पहावे तो काळा कुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल बसलेला. जरा पलीकडे गाय निवांत रवंथ करीत पडलेली आणि कावळा तिच्या कानात चोच घालून गोचिड टिपतो आहे. गाय कान हलवीत नाही, उलट मान वाकडी करून कान पुढे करते. हे कोणी शिकवले तिला?

रानात गेले तरी हाच प्रकार. आता गोंदिया जिल्ह्यात मोडणारे नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले. पुढे २०१३ मध्ये नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. त्याच वर्षी आमच्या भंडारा जिल्ह्यात कोका हे अभयारण्य झाले. या झाडीपट्टीच्या वनांत ज्यांनी आयुष्याची मोठी वर्षे घालविली, ते मारुती चितमपल्ली २०२५ साली निवर्तले. त्यांनी पाखरांची लोकांच्या तोंडची नावे कशी जपून ठेवली, हे त्यांचा 'पक्षिकोश' ज्यांनी उघडला आहे त्यांना ठाऊक आहे. अशा वनात रानगवा चरत निघाला की साळुंक्या त्याच्या मागे-पुढे असतात, काही पाठीवरच स्वार होतात. चितळाच्या, सांबराच्या अंगावर बसून माशा आणि गोचिड टिपणारी पाखरेही असतात. राजस्थानात रणथंभोरच्या रानात टकाचोर हे लांब शेपटीचे पाखरू सांबराच्या तोंडावर, मानेवर बसून हेच काम करते.

असो. आता हा दृष्टांत किती गोड आहे! आम्ही कीर्तनकार मंडळी असे काही दिसले की झटकन उचलतो. एका सप्ताहात आम्ही हा दृष्टांत घेतला होता. कीर्तन आटोपल्यावर पायावर डोके ठेवायला आलेल्या मंडळींत एक वयस्क शेतकरी थांबले आणि हात जोडून म्हणाले, "एक इचारू का जी महाराज? तो बगळा म्हशीमांगं चालते तो काही भक्तीनं नाही चालत. पोटासाठी चालते. अन् आमी बी पंढरीले जातो त पोटासाठीच जातो जी. धान पिकू दे, पोरीचं लगन होऊ दे, हेच मागतो. मंग आमच्यात अन् त्या बगळ्यात फरक काय राह्यला? आमची वारी खरी का खोटी, तेवढं सांगा."

भाविकहो, हा प्रश्न लहान नाही. मोठमोठ्या ग्रंथांत सकाम आणि निष्काम यांचा जो वाद आहे तो सगळा या दोन वाक्यांत आला. आणि ज्याने विचारले त्याचे डोळे भरलेले होते. म्हणजे ही थट्टा नव्हती. आपण इतकी वर्षे चालत गेलो ते वाया गेले की काय, अशी त्या माउलीला धास्ती होती. तेव्हा उत्तर गोड करून नव्हे, खरे करून दिले पाहिजे. म्हणून आधी बगळ्याचा हिशेब नीट पाहू, मग वारकऱ्याचा.

आपल्या शास्त्रात बगळ्याची अपकीर्ती फार. एका पायावर उभा राहून डोळे मिटतो आणि मासा आला की गट्ट करतो, म्हणून ढोंगी माणसाला 'बकवृत्ती' म्हणायचे. पंचतंत्रातला बगळा तर माशांना फसवून फसवून खातो आणि शेवटी खेकड्याच्या नांगीत सापडतो. पण गायबगळ्याचा प्रकार निराळा आहे. तो पाण्यात ध्यान लावून बसत नाही. तो उघडपणे, दिवसाढवळ्या, गुरांच्या पायांशी चालतो. म्हशीचे जड पाऊल गवतात पडले की नाकतोडे, टोळ, किडे, बेडक्या उडतात. त्या हा टिपतो. त्याला शोधावे लागत नाही, श्रम वाचतात. पाश्चात्य अभ्यासकांनी तासन् तास बसून हे मोजले आहे. एकटा फिरणारा बगळा जितके भक्ष्य मिळवी, त्याच्या साडेतीन पटींहून थोडे अधिक त्याला गुरांच्या संगतीत मिळाले. संगतीचा महिमा आपण नुसता गातो. त्यांनी तो आकड्यांत मांडला.

आणि या संगतीच्या जोरावर हे पाखरू कोठवर गेले पहा. मूळचे हे आशिया, आफ्रिका आणि युरोपच्या दक्षिण टोकाचे. १८७७ साली ते अटलांटिक महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेत, गयाना-सुरिनामच्या सीमेवर दिसले. १९३० नंतरच्या वर्षांत तेथे त्याने घर केले, १९५३ पर्यंत उत्तर अमेरिकेत त्याची घरटी झाली. जेथे जेथे माणसाने रान तोडून कुरण केले आणि गुरे सोडली, तेथे तेथे हा त्यांच्या पायाशी हजर झाला. गुरे नसती तर कोठला प्रवास?

पण म्हशीला काय मिळाले? येथे खरे बोलले पाहिजे. गायबगळा म्हशीच्या अंगावरची माशी, गोचिड क्वचित टिपतो. त्याचे मुख्य खाणे गवतातून उडणारे. म्हणजे म्हशीला थोडा लाभ, बगळ्याला मोठा लाभ, आणि नुकसान कोणाचेच नाही. ही पहिली पायरी. कान पुढे करणारी गाय आणि गोचिड टिपणारा कावळा, गवा आणि साळुंकी, सांबर आणि टकाचोर यांची पायरी दुसरी: तेथे एकाला अन्न मिळते, दुसऱ्याचा त्रास जातो. शास्त्रीय भाषेत याला उपकार्य-उपकारक-भाव म्हणावे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. जो उपकार करतो तोच उपकृतही होतो.

तिसरी पायरी मात्र अवघड आहे. आफ्रिकेत गेंडा, रेडा, झेब्रा यांच्या अंगाला चिकटून राहणारे तांबड्या चोचीचे एक पाखरू आहे. शतकानुशतके लोक समजत की हे गोचिड खाऊन जनावराला सुखी करते. मग झिंबाब्वेत एका अभ्यासकाने काही बैलांपासून ही पाखरे दूर ठेवून पाहिली आणि २००० साली निष्कर्ष छापला: पाखरे नसलेल्या बैलांवर गोचिड काही वाढले नाहीत, उलट त्यांच्या जखमा लवकर भरल्या. कारण पाखराला रक्ताची चटक. फुगलेला गोचिड तो खातोच, पण जखम दिसली की तीही उकरून उघडी ठेवतो. सेवा करणारा हात आणि जखम चिघळवणारा हात एकच!

मग ते पाखरू वाईट ठरवून मोकळे व्हावे का? तसेही नाही. दक्षिण आफ्रिकेत काळ्या गेंड्यावर केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काळ्या गेंड्याची दृष्टी मंद. पायी चालत माणूस जवळ जाऊ लागला, तर पाठीवर पाखरू नसलेल्या गेंड्याला ते शंभरात तेवीसच वेळा कळले. पाखरू असता प्रत्येक वेळी कळले, आणि तेही सुमारे सत्तावीस मीटरवर नव्हे, एकसष्ट मीटरवर. माणसाची चाहूल लागली की पाखरू ओरडते, गेंडा सावध होतो आणि शिकाऱ्याच्या तावडीतून सुटतो. तिकडच्या स्वाहिली भाषेत त्या पाखराला पूर्वीपासून 'गेंड्याचा पहारेकरी' असेच म्हणतात. म्हणजे तोच जखम उकरतो आणि तोच जीव वाचवतो.

आपल्या बांधीवरच्या कोतवालाचा एक भाऊबंद आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटात राहतो, त्याची गोष्ट तर याहून बोलकी. अमरकोशात कोतवालाच्या जातीला 'धूम्याट' असे नाव आहे. आपल्याकडे कोतवाल म्हणतात ते त्याच्या धाडसामुळे. घारीला, कावळ्याला तो आपल्या झाडाजवळ फिरकू देत नाही, म्हणून होले, हळद्या अशी गरीब पाखरे त्याच्या आसऱ्याने शेजारी घरटे करतात. तो आफ्रिकेतला कोतवाल मुंगसाच्या कुळातल्या मीरकॅट नावाच्या प्राण्यांवर पहारा करतो. ससाणा आला की ओरडतो, ते बिळात शिरतात, त्यांचा जीव वाचतो. हे खरे. पण कधी एखाद्या मीरकॅटने चांगला मोठा किडा उकरून काढला की हा खोटेच ओरडतो! ते बिचारे पळते आणि हा किडा उचलतो. त्याचे सुमारे चौथ्या हिश्शाएवढे पोट या चोरीवर भरते. आणि एकाच हाकेला ते फसेनासे झाले तर हा हाक बदलतो, दुसऱ्या प्राण्याच्या आवाजात ओरडतो. पण लक्षात घ्या, हाक बहुतेक वेळा खरी असते म्हणूनच खोटी खपते. ज्या दिवशी तो नुसतेच खोटे ओरडेल त्या दिवशी त्याचे ऐकणार कोण?

एवंच, सृष्टीतले सख्य हे असे आहे. ते साखरेच्या पाकातले नाही. त्याला पोट आहे, लोभ आहे, आणि तरीही ते सख्य आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात वन आणि वाघ यांचा न्याय सांगितला आहे. त्याचा आशय इतकाच की दोघांचे रक्षण एकमेकांवर टेकलेले आहे. वाघ वनावर प्रेम करतो असे व्यासांनी म्हटले नाही. एक गेला की दुसरा राहत नाही, एवढेच दाखवले. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही भगवंत अर्जुनाला सांगतात की देवांनी माणसांना आणि माणसांनी देवांना, असे परस्परांना पोसण्यातच दोघांचे श्रेय आहे. आणि लगेच दुसरी गोष्टही बजावतात: मिळालेले ज्याचे त्याला न देता जो एकटाच भोगतो, तो चोर. तेव्हा घेणे हे पाप नव्हे. घेऊन परत न देणे, हे पाप. पोट हे पाप नव्हे. पोटाला मर्यादा नसणे, हे पाप. साळुंकी आणि ते तांबड्या चोचीचे पाखरू दोघेही पोटासाठीच पाठीवर बसतात. फरक इतकाच की एक गोचिडावर थांबते आणि दुसरे जखमेपर्यंत जाते.

आता यात माणूस कोठे बसतो, ते पाहू. कारण माणूसही देहाने सस्तनच आहे, आणि पाखराशी त्याचाही करार आहे. मोझांबिक देशात नियासा नावाच्या रानात याओ लोक राहतात. तेथे मधाची वाट दाखवणारे एक लहानसे पाखरू आहे. माणूस एक ठराविक हाक देतो, पाखरू येते, झाडावरून झाडावर उडत ओरडत त्याला मधाच्या पोळ्यापर्यंत नेते. माणूस धूर करून माशा शांत करतो, झाड फोडतो, मध घेतो आणि मेण तेथे ठेवतो. पाखराला मेणच हवे असते. २०१६ साली छापलेल्या अभ्यासात दिसले की ती ठराविक हाक दिली तर पोळे सापडण्याचा संभव शंभरात सुमारे सतरावरून चोपन्नावर जातो. आणि हे आजचे नव्हे. १५८८ च्या सुमारास सोफाला येथल्या एका पोर्तुगीज पाद्र्याने आपल्या प्रार्थनामंदिरातले मेण खाणारे आणि लोकांना मधाकडे नेणारे हे पाखरू नोंदवले आहे. पाळलेले नव्हे हं! रानातले, मोकळे पाखरू. बापाने मुलाला हाक शिकवली, मुलाने नातवाला. पण जेथे माणसांनी ही जुनी रीत सोडली, तेथे पाखरांचे बोलावणेही ओसरत गेले. आपल्या बाजूने हाक बंद झाली की करार संपतो.

हा करार आपण आपल्याकडे कसा पाळला? येथे जिव्हारी लागणारी गोष्ट सांगणे भाग आहे. गिधाड हे जटायूचे कूळ. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की घटकाभरात गिधाडांचा थवा ते साफ करी. रोगराई गावात येत नसे. म्हणजे गुरांनी मेल्यावरही पाखराला पोसावे आणि पाखराने जिवंत गुरांना व गावाला राखावे, असा तो व्यवहार होता. पुढे दुखणाईत गुरांना डायक्लोफिनॅक नावाचे वेदनाशामक देऊ लागले. देणाऱ्याचा हेतू दयेचाच होता. पण ते औषध अंगात असताना मेलेले ढोर खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्या देशात हजारातून एक उरावे इतकी घटली. कारण २००४ साली उघड झाले. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी ते औषध बंद केले. गिधाडांना न बाधणारे मेलॉक्सिकॅम हे औषध आहे, गुरांच्या डॉक्टरांना ते ठाऊक आहे. पुढे २०२३ मध्ये त्याच जातीची आणखी दोन औषधे, अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि केटोप्रोफेन, बंद झाली. रावणाशी लढताना जटायूचे पंख तुटले, ते सीतामाईसाठी. त्याच्या वंशाचे पंख आपण कोणासाठी तोडले?

तुमसर भागातही बदल डोळ्यांसमोर आहे. नांगराच्या बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली. बगळा शहाणा, तो आता चिखलणीच्या ट्रॅक्टरमागे चालतो. त्याला बैल आणि लोखंड सारखेच, किडे उडाले म्हणजे झाले. ट्रॅक्टरला आम्ही नावे ठेवीत नाही. शेतकऱ्याचे कष्ट कमी झाले तर पांडुरंगाला आनंदच आहे. पण लोखंडाच्या पाठीवर गोचिड नसतो आणि लोखंड कान पुढे करीत नाही. शिवाय त्याच बांधीत विषारी फवारा झाला की उडणारा किडा विष घेऊन उडतो आणि ते विष बगळ्याच्या, बेडकीच्या, कोतवालाच्या पोटात जाते. मग कीड खाणारेच मरतात आणि कीड पुढच्या वर्षी अधिक येते. फवारणी करूच नका, असे घरात बसून सांगणे आम्हाला शोभणार नाही. पीक गेले तर कर्ज आम्ही फेडणार नाही. इतकेच विनवितो की कृषी सहायकाला विचारून, मापाने आणि गरजेपुरती करावी. बांधीत कोतवालाला बसायला चार काटक्या रोवाव्या. बांधावरचे एखादे जुने झाड राखावे. गुरासाठी औषध घेताना ते गिधाडाला बाधणारे नाही ना, एवढे विचारावे. हा आपल्या बाजूचा मेणाचा तुकडा. मध आपण नेला, मेण तरी ठेवावे.

आता त्या शेतकरी माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. वारी पोटासाठी केली तर ती खरी की खोटी?

गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी चार प्रकारचे भक्त सांगितले. दुःखाने गांजलेला, जाणण्याची इच्छा असलेला, काही मिळावे म्हणून येणारा, आणि ज्ञानी. ज्ञानी मला आत्म्यासारखा प्रिय, असे म्हटले खरे. पण उरलेल्या तिघांनाही भगवंतांनी हाकलले नाही, त्यांनाही थोर म्हटले. म्हणजे 'धान पिकू दे' म्हणून येणाराही भक्तांच्याच पंगतीत बसला. बगळा पोटासाठी म्हशीमागे लागला म्हणून म्हशीने त्याला लाथ मारली नाही. मग जी माउली आईच्या मायेने कमरेवर हात ठेवून उभी आहे, ती पोटासाठी आलेल्या लेकराला दूर लोटील का?

पण दुसरा अर्धा भाग असा. बगळा दहा वर्षे म्हशीमागे चालला तरी दहाव्या वर्षीही तो किड्यासाठीच चालतो. त्याला तेथून पुढे जाता येत नाही. देवाने त्याला तेवढेच दिले. माणसाला पुढे जाता येते. पहिल्या वर्षी धानासाठी गेला. दुसऱ्या वर्षी गेला तो मुलीच्या लग्नासाठी. तिसऱ्या वर्षी मागायचे ध्यानातच राहिले नाही, रांगेत पुढच्या म्हातारीला आधार देता देता दर्शन झाले आणि तो बाहेर आला. पंढरी तीच, वाट तीच, पाय तेच; पण चालणारा बदलला. हाच बगळ्यात आणि वारकऱ्यात फरक. सुरुवात पोटातच होते, त्याची लाज नको. शेवटही पोटातच झाला तर मात्र विचार करावा.

याची साक्ष म्हणजे नाथमहाराज. काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघाले असता तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते. ती गंगा नाथांनी त्याच्या मुखात घातली. गाढवाने नाथांच्या अंगावरचा गोचिड काढला नाही, पहारा केला नाही, मधाची वाट दाखवली नाही. देण्याजोगे त्याच्याजवळ काहीच नव्हते. साळुंकी असे करू शकत नाही, गवाही नाही. परतफेडीची आशा नसताना देणे, हे परमेश्वराने माणसाच्याच वाट्याला ठेवले आहे. स्वार्थ हा जमिनीत असतो, परार्थ हे रोप, आणि परमार्थ हे कणीस. जमिनीला नाकारून कणीस येत नाही; आणि रोवणी करून कणीस धरलेच नाही तर बांधी फुकट गेली.

दिंडीत हे सगळे एकत्र पाहायला मिळते. वीणेकरी चालतो म्हणून टाळकऱ्यांचा ताल राहतो, टाळकरी गातात म्हणून वीणेकऱ्याचे पाय थकत नाहीत. डोक्यावर तुळस घेतलेली बाई पुढच्याला वाट दाखवते, मागच्या पाण्याची घागर तिला पाजते. वाटेवरच्या गावात कोणी भाकरी-पिठले वाढतो; वारकऱ्याची भूक भागते, वाढणाऱ्याला वाटते देव जेवून गेला. सांगा बघू, यात उपकार करणारा कोण आणि घेणारा कोण? म्हणून तर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. वयाने मोठा लहानाच्या पाया पडतो, कारण देणारा आणि घेणारा असे दोन कप्पे येथे करताच येत नाहीत.

आणि सप्ताहाच्या शेवटी काला होतो. यमुनेच्या तीरी गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. कोणाची जाड भाकर, कोणाचे ताक, कोणाचे लोणचे. देवाने सगळे एकत्र कालवले. भोवती गाई चरत होत्या. त्या गाईंच्या पायाशीही पाखरे चालत असतील, असे आम्हाला वाटते. कारण जेथे गोविंद आहे तेथे गाई, आणि जेथे गाई तेथे पाखरे असायचीच. त्या काल्यात एक घास त्यांचाही धरावा.

तेव्हा भाविकहो, या श्रावणात बांधीवर म्हशीच्या पाठीवरचा कोतवाल दिसला तर त्याला उगाच दगड मारून उडवू नका. आणि मनाला एकच विचारा: मी ज्याच्या पाठीवर बसून खातो, मग तो बाप असो, भाऊ असो, गडी असो की काळी आई असो, त्याचा मी गोचिड काढतो की जखम उकरतो? उत्तर ज्याचे त्याने पांडुरंगाला सांगावे.

रामकृष्णहरि.